मांजराचं चित्र असलेला डबा

६ फेब्रुवारी

ताई,

शाळेचं शुक्रवारचं बातमीपत्र सोबत जोडलं आहे. हे पत्रक तू सुरू केलंस, तेव्हा त्याची एक प्रत तुझ्याकडे गेलीच पाहिजे, असं हेडसिस्टर म्हणाल्या. म्हणजे त्या म्हणाल्या नाहीत, मीच म्हणते आहे. पण त्यांना विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या नसत्या.

तुला जाऊन आठ महिने झाले. तू तिकडे रुळली असशील. तुझा मुलगा वेळेवर घरी येतो का, सून तुझ्या हातचा चहा पिते का, हे सगळं विचारायचं आहे, पण आधी बातम्या सांगते. दुसरीच्या वर्गाने कुंड्यांत वाटाणे लावले होते. ते छान उगवले. मुळं आली आहेत का हे बघायला चौथीच्या मुलांनी ते उपटून पाहिले. मुळं आली होती. आता दुसरीने पुन्हा वाटाणे लावले आहेत आणि चौथीने माफीचं पत्र लिहिलं आहे, त्यात सहा चुका आहेत. शिपाईमामांनी गेटला हिरवा रंग दिला आणि तो वाळायच्या आत त्याला टेकून कुणाशी तरी गप्पा मारल्या, त्यामुळे त्यांच्या पाठीवर आता गेटचे गज आहेत. हरवले-सापडलेच्या पेटीत तिसऱ्या आठवड्यातही तोच डावा बूट आहे. एका पायात बूट घालून कोण घरी गेलं असेल, हे मला अजून कळलेलं नाही.

कम्युनियनचा वर्ग, मुलांच्या पहिल्या पवित्र भाकरीच्या तयारीचा, आता माझ्याकडे आहे, हे तुला माहीतच आहे. तो तुझ्याकडून माझ्याकडे कसा आला हेही माहीत आहे, आणि त्यावर आज एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवून मी बसले आहे.

या वर्षी एकोणीस मुलं आहेत, सगळी आठ वर्षांची. काल सरावाचा पहिला तास घेतला. तुझ्याच पद्धतीने घेतला: रांग, डावा तळहात उजव्यावर, 'आमेन', आणि मग चकती जिभेवर. चव आधीच माहीत असली म्हणजे खऱ्या दिवशी कुणी वेदीसमोर तोंड वेडंवाकडं करत नाही, हे तू सांगायचीस ते अगदी खरं आहे. वर्गातल्या तुझ्या कपाटात खालच्या फळीवर, मांजराचं चित्र असलेला पेपरमिंटचा डबा होता. त्यातल्याच सरावाच्या, पीठ-पाण्याच्या चकत्या वापरल्या. एक मुलगा म्हणाला, ही वहीच्या पुठ्ठ्यासारखी लागते. मी विचारलं, आजवर किती वह्या खाल्ल्यास. तो मनापासून आठवायला लागला.

या वर्गात एक मुलगी आहे, तिला मी मनातल्या मनात 'प्रश्नपत्रिका' म्हणते. आदाम आणि हव्वेला बेंबी होती का, येशूला पाढे पाठ होते का, हे तिचे साधे प्रश्न. काल हातात चकती पडल्या पडल्या ती म्हणाली, बाई, माझी किडकी आहे. मी म्हटलं, गप बस, आमेन म्हण. तिने आमेन म्हटलं, चकती तोंडात टाकली, चार पावलं चालून गेली आणि सगळ्यांसमोर कचऱ्याच्या टोपलीत थुंकली. मी चांगली खरडपट्टी काढली. एक चकती हातातच मोडली होती, तिचा चुरा तुझ्यासारखाच खिडकीत चिमण्यांना टाकला.

बाकी सगळं ठीक आहे.

तुझी,
धाकटी

१९ फेब्रुवारी

ताई,

फोन केला होता. तुझी सून म्हणाली, "मावशी, आई आंघोळीला गेल्यात." परवा केला तेव्हाही आंघोळीला, आणि त्याआधी मंगळवारी संध्याकाळी पाच वाजताही आंघोळीलाच. एवढा वेळ तर मासे पाण्यात नसतात. त्या बिचारीला खोटं बोलायला लावू नकोस, तिला ते जमत नाही. मागून तुझा खाकरण्याचा आवाज येतो.

बातमीपत्र सोबत आहे. पाण्याच्या फिल्टरजवळचा नळ बदलला. दात तपासायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. तिसरीतल्या एका मुलाने त्यांना हसत हसत चावा घेतला आणि वर सांगितलं की दात मजबूत आहेत का ते बघत होतो. पेटी वाजवणारे आजोबा पडले, पण हाड मोडलं नाही. ते म्हणतात, मी पडलो नाही, खाली बसलो. डावा बूट अजून आहे.

शिवणवाल्या आजींकडे जाऊन आले. त्यांचे पाय आता अंथरुणातून खाली येतच नाहीत, पण जीभ ठणठणीत आहे. तुझी फार आठवण काढतात. इतकी वर्षं दर रविवारी तू त्यांना आणि आणखी तीन घरच्या म्हाताऱ्यांना कम्युनियन नेऊन द्यायचीस, ते कसं विसरतील. म्हणाल्या, "तुझी बहीण जाण्याआधीच्या रविवारी आलीच नाही गं. चौघंही वाट बघत राहिलो. एकमेकांकडे निरोप पाठवून विचारलं, तुमच्याकडे आल्या का. कुणाकडेच नाही." मी म्हटलं, जायची गडबड असेल. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही.

सहज एक विचारायचं होतं. त्या पेपरमिंटच्या डब्यात चकत्यांवर एक पांढरं फडकं होतं, इस्त्री केलेलं, तीन घड्यांचं, वेदीवर असतं तसं. ते कुठलं? म्हणजे सहजच विचारते. आणि तो डबा तू कधी भरला होतास? काही घाई नाही. दोन-चार दिवसांत कळवलंस तरी चालेल. उद्या कळवलंस तर बरंच. सहज आपलं.

धाकटी

२७ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्रात मी तीनदा 'सहज' लिहिलं. पेटीत टाकल्यावर लक्षात आलं आणि पेटीत हात घालून ते परत काढता येईल का याचाही प्रयत्न केला. पोस्टमन बघत होता म्हणून थांबले. सहज काहीच नव्हतं. माझी पाचावर धारण बसली आहे. आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सरळ सांगते.

तुझ्या शेवटच्या रविवारी मी चर्चमध्येच होते. आपण एकमेकींकडे बघत नव्हतो, तरी मला दिसत होतं. मिस्सेची प्रार्थना संपल्यावर जुन्या फादरांनी नेहमीसारख्या चार चकत्या तुझ्या पितळी डबीत ठेवल्या आणि तू बाहेर पडलीस. दुसऱ्या दिवशी ती डबी स्वच्छ पुसलेली आणि रिकामी, जागेवर आलेली होती. आता शिवणवाल्या आजी म्हणतात की तू चारही घरी गेली नाहीस. मग डबीतलं गेलं कुठे? त्याच सोमवारी तू वर्गातलं कपाट आवरलंस. आणि त्या कपाटात वेदीवरच्यासारख्या फडक्याखाली झाकलेल्या चकत्यांचा डबा मला मिळाला. जुन्या फादरांना विचारलं असतं, पण ते नोव्हेंबरात वारले.

मिस्सेआधी ती पीठ-पाण्याची चकती असते आणि मिस्सेत फादरांच्या हातून गेली की तो प्रभू असतो, डोळ्यांना मात्र काही फरक दिसत नाही. हे मीच मुलांना फळ्यावर लिहून शिकवते. शंका आधीपासून होती, पण काल ते लिहितानाच माझा हात थांबला. त्या डब्यात तू त्या चार चकत्या ठेवल्या असशील तर? बाकीच्यांत मिसळल्या असतील तर? सगळ्या एकाच साच्यातल्या, एकाच क्रूसाच्या छापाच्या. मग माझ्या एकोणीस मुलांपैकी कुणीतरी गणिताच्या तासाआधी, रांगेत ढकलाढकली करत पहिलं कम्युनियन घेतलं. एकीने ते टोपलीत थुंकलं. आणि चुरा मी माझ्या हाताने चिमण्यांना टाकला.

मी नव्या फादरांकडे गेले. ते वयाने तुझ्या मुलाएवढे आहेत, मधल्या सुट्टीत मुलांशी फुटबॉल खेळतात आणि हरले की खरंच नाराज होतात. मी सांगत असताना ते आधी हसले, मग हसायचे थांबले, मग चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, तुम्हाला माहीत नव्हतं, तेव्हा पाप तुमच्याकडे येत नाही. पण डब्यात चार चकत्या उरल्या आहेत, त्या कपाटात ठेवता येणार नाहीत. मी विचारलं, तुम्ही खाऊन टाका ना. ते म्हणाले, "खाल्ल्या तर त्या संपतील, बाई. पण मग मुलांना काय दिलं होतं, ते कधीच कळणार नाही."

दुसऱ्या कशात काढून ठेवायलाही दोघांचा हात धजेना. शेवटी डबाच्या डबा वेदीमागच्या मंजूषेत ठेवला, जिथे फक्त पवित्र भाकर असते तिथे. मांजर हसत होतं. फादरांनी डबा फिरवून त्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि कुलूप लावलं. हे हेडसिस्टरना अजून माहीत नाही.

मुलांचं खरं कम्युनियन १२ एप्रिलला आहे. फादरांनी मार्चअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. तोवर काही कळलं नाही तर ते हेडसिस्टरना सांगतील, मग आईवडिलांना बोलावून त्यांनाही सांगावं लागेल. त्यानंतर हा वर्ग माझ्याकडे राहील असं मला वाटत नाही, आणि राहू नये असंही लोक म्हणतील.

खरं काय ते फक्त तुला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला माहीत असायची सोयच राहिली नाही.

धाकटी

११ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. फोन आता मी करत नाही, तुझ्या सुनेची दया येते. तुला विचारायचं ते तिच्या मार्फत विचारणं मला बरंही वाटत नाही.

बातमीपत्र जोडलेलं नाही. या आठवड्यात ते मी लिहिलं, पण त्यात 'सर्व काही सुरळीत' असं वाक्य आहे आणि ते तुला पाठवायला लाज वाटली.

मागच्या पत्रात मी डब्याबद्दल सगळं लिहिलं आणि आपल्याबद्दल काहीच नाही. तू तेच बघत बसली असशील. तर ऐक.

गेल्या वर्षी जानेवारीत तू एका मुलाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारलीस. बाप तुझाच विद्यार्थी होता, म्हणून सगळे हसले, तूही हसलीस. फेब्रुवारीत एकाच दिवशी एकच धडा दोनदा शिकवलास आणि मुलांना वाटलं ही नवी शिक्षा आहे. मार्चमध्ये वर्ग चालू असताना पर्स उचलून घरी निघून गेलीस. मी तुला गेटवर गाठलं तेव्हा तू म्हणालीस, शनिवार आहे ना. बुधवार होता. हे सगळं मी पाहिलं आणि तुला काही बोलले नाही. मी गेले हेडसिस्टरकडे. पाण्याच्या फिल्टरजवळ, प्याला हातात धरून, जणू पाणी प्यायलाच आले होते असं दाखवत, सगळं सांगितलं. मुलांसाठी सांगतेय, असं म्हणाले.

मुलांसाठी होतंच. पण तेवढंच नव्हतं. एकतीस वर्षं या शाळेत मी 'ताईंची बहीण' होते. पालक मला विचारायचे, ताई कुठे आहेत. चित्रकला, शिवण, बातमीपत्राचं टंकलेखन, सगळी उष्टी-खरकटी कामं माझी आणि पांढऱ्या कपड्यांतल्या मुलांची ती रांग तुझी. मला तो वर्ग हवा होता, ताई. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, कबुलीच्या वेळी फादरांनाही गोल गोल करून सांगितलं होतं. तुला सरळ सांगते.

तीन आठवड्यांनी हेडसिस्टरनी तुला निवृत्तीचं विचारलं, तेव्हा तू एवढंच म्हणालीस की कुणी सांगितलं ते मला कळलं. त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस.

आणि आता गंमत बघ. तू जर म्हणालीस की हो, त्या चकत्या मीच विसरून डब्यात ठेवल्या, तर माझंच म्हणणं खरं ठरतं. हेडसिस्टर म्हणतील, बरं झालं वेळीच सांगितलंत. सगळे म्हणतील. मला खरं ठरायचं नाही, ताई. रोज सकाळी त्या कुलूपबंद मंजूषेसमोर बसते आणि मागते की मीच मूर्ख ठरू दे, वेंधळी ठरू दे, भित्री ठरू दे, पण माझ्या बहिणीच्या हातून हे झालेलं नसू दे. वर्ग गेला तरी चालेल. एवढं मागून झालं की उठवत नाही.

तर विचारते, सरळ. तुला आठवतंय का? त्या रविवारी तू त्या चार चकत्यांचं काय केलंस? आठवत नसेल तर तसंच लिही. मी रागावणार नाही, आणि ते उत्तर कुणाकडे घेऊनही जाणार नाही. पाण्याच्या फिल्टरकडे तर नाहीच.

धाकटी

२१ मार्च

ताई, माझी ताई,

तुझं पत्र आज साडेदहाला आलं. शिपाईमामांनी वर्गाच्या दारात आणून दिलं. पाकिटावरचं तुझं अक्षर पाहिलं आणि मुलांना म्हटलं, पान चव्वेचाळीस वाचा. पुस्तक चाळीस पानांचंच आहे. कुणी तक्रार केली नाही.

तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे, तरी मी ते पुन्हा माझ्या हाताने उतरवते. सकाळपासून सात वेळा वाचलं, आता लिहून बघायचं आहे.

"धाकटे, तुझी चारही पत्रं मिळाली. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे. चकत्या सरावाच्या आहेत. एकेक उजेडात धर. क्रूसाच्या छापात, मधोमध, टाचणीचं भोक दिसेल. चोवीसच्या चोवीस मी टोचल्या आहेत. जाण्याआधी तुझ्या वर्गासाठीच भरून ठेवला होता तो डबा. रागावले होते म्हणून काय मुलांनी सराव करायचा नाही? फडकं म्हणजे माझ्या जुन्या उशीचा अभ्रा आहे, कापून शिवलेला.

"त्या रविवारी मी चारही घरी गेले नाही हे खरं. पहिल्या दारापर्यंत गेले होते. तुझ्यावरचा एवढा राग मनात घेऊन प्रभूला कुणाच्या घरात कसं न्यायचं? तशीच परत फिरले आणि डबी भरलेलीच्या भरलेली फादरांच्या हातात दिली. त्यांनी एक शब्द विचारला नाही. भले माणूस होते.

"आता दुसरं. सरावाच्या चकत्या मी तीस वर्षं कधी टोचल्या नाहीत. एकतिसाव्या वर्षी टोचायला लागले, कारण मी विसरते हे मला कळलं होतं. डॉक्टरकडे जाऊन आले होते. सरावाच्या आणि वेदीवरच्या चकत्या कधी माझ्या हातून एकत्र होतील याची भीती वाटायची, म्हणून सरावाची चकती आली की आधी टाचणी. तू हेडसिस्टरना सांगितलंस ते खरंच होतं. तुझ्या आधी ते मला ठाऊक होतं. राग त्याचा नव्हता. मला न विचारता सांगितलंस, त्याचा होता. मला विचारलं असतंस तर मी तुला टाचणी दाखवली असती.

"या वेळी विचारलंस. दोन पत्रं गेटच्या रंगात आणि बुटात घालवलीस, पण विचारलंस. आंघोळ संपली आहे, फोन कर."

मी वर्ग शिपाईमामांवर सोपवला आणि चर्चकडे पळाले. या वयात पळाले हे लक्षात घे. फादर मैदानावर होते, त्यांनी चेंडू तिथेच टाकला. मंजूषा उघडली, डबा काढला, दक्षिणेकडच्या खिडकीशी गेलो. पहिली चकती मी धरली नाही. फादरांनी धरली. आधी काहीच दिसेना. त्यांनी ती जरा तिरपी केली, आणि क्रूसाच्या बरोबर मधोमध उजेडाचा एक बारीक ठिपका आला. मग दुसरीत, तिसरीत, चौथीत. फादर तिथेच पायरीवर बसले आणि म्हणाले, "बाई, मला तीन आठवडे झोप नाही." मी विचारलं, मला का नाही सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही आणखी घाबरला असतात. मग आम्ही दोघंही हसलो, आणि मी रडले, ते वेगळं. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो पडतानाचा आवाजसुद्धा मला ऐकू आला.

पण अजून एक शंका होती. चार तर उरलेल्या होत्या, मुलांनी खाल्लेल्यांचं काय? तू लिहिलंस चोवीस, तुझ्यावर माझा विश्वास आहे, तरी मी वर्गात परत गेले आणि प्रश्नपत्रिकेला जवळ बोलावलं. विचारलं, त्या दिवशी तू किडकी म्हणालीस, ते कशावरून? ती म्हणाली, मधे भोक होतं. सगळ्यांच्यात होतं. मी म्हटलं, तुला कसं माहीत? ती म्हणाली, "रांगेत सगळ्यांना दाखवायला सांगितलं मी. फक्त मीच थुंकली, बाकीच्यांनी किड्यासकट खाल्ली." आणि वहीच्या मागच्या पानावर तिने काढलेली यादी दाखवली: एकोणीस नावं, प्रत्येकापुढे एक गोल आणि गोलात एक टिंब.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन आठवडे मी मंजूषेसमोर गुडघे झिजवले, आणि उत्तर दुसऱ्या बाकावर बसलं होतं. तेही न विचारल्यामुळेच. मी 'गप बस' म्हणाले नसते तर त्याच दिवशी कळलं असतं. मी तिची माफी मागितली, सगळ्या वर्गासमोर. तिने ती मंजूर केली आणि विचारलं की मोठी माणसं माफी मागतात तेव्हा ती मनापासून असते का. मी म्हटलं, या वेळी आहे.

आता खाली फोनपाशी जाते. तू आंघोळीला गेलीस तर मी रेल्वेत बसून तिथे येईन.

धाकटी

१३ एप्रिल

ताई,

फोनवर तासभर बोललो तरी लिहायचं उरलंच. आणि तू म्हणालीस ना, बोललेलं निसटतं, लिहिलेलं उशीखाली ठेवता येतं, म्हणून लिहिते. स्वयंपाकघरातल्या कपाटांवर तुझ्या सुनेने चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत हे तू हसत सांगितलंस. मीही हसले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहिले. ती मुलगी चांगली आहे. तिला सांग, खोटं बोलायला जमत नाही हा दोष नाही.

काल कम्युनियन झालं. एकोणीसच्या एकोणीस, पांढऱ्या कपड्यांत, केसांना पाणी लावून. पेटीवाले आजोबा काठी घेऊन आले आणि सगळं जरा जास्तच जोरात वाजवलं. हेडसिस्टरना मी त्याआधीच सगळं सांगून टाकलं होतं, टाचणीसकट, त्यांच्या खोलीत बसून, समोरासमोर. त्या म्हणाल्या, तुला आधीच कळलं होतं हे माहीत असतं तर त्यांनी तुला तसं विचारलं नसतं, वेगळं विचारलं असतं. तुला पत्र लिहिणार आहेत.

वेदीसमोर एकामागून एक मुलं आली. प्रश्नपत्रिकेची पाळी आली तेव्हा तिने आमेन म्हटलं, चकती हातात घेतली, आणि तोंडात टाकायच्या आधी दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडाकडे उचलली. सगळं चर्च थांबलं. तिची आई पहिल्या रांगेत अर्धी उठली. फादर मात्र शांत उभे राहिले, त्यांनाही बहुतेक बघायचंच होतं. ती एक डोळा मिटून नीट बघत राहिली. मग माझ्याकडे वळून मान हलवली, म्हणजे भोक नाही, आणि मग खाल्ली. मी आजवर एवढ्या भक्तीने कुणी कम्युनियन घेतलेलं पाहिलेलं नाही.

मिस्सेनंतर फादरांनी ती पितळी डबी माझ्या हातात दिली. चारही घरी जाऊन आले. शिवणवाल्या आजींना सांगितलं की तू पहिल्या दारापर्यंत आली होतीस, आणि का परत फिरलीस तेही. ते दार त्यांचंच होतं. त्या म्हणाल्या, "तिला सांग, राग घेऊन आली असती तरी चाललं असतं. आम्ही काय इथे राग न बघता म्हातारे झालो?"

सोबत बातमीपत्र आहे. हरवले-सापडलेमध्ये बघ, डाव्या बुटाचा मालक सापडला. तेवढ्यात त्याचा पाय वाढला, तो मोठ्या भावाचे बूट घालायला लागला, आणि तो बूट आता त्याला होत नाही. उजवा त्याने आधीच फेकून दिला होता.

पुढच्या वर्षीच्या चकत्यांचं पाकीट आलं आहे. टोचायला बसणार होते, पण क्रूसाच्या बरोबर मधोमध कसं टोचायचं ते तुझ्यासमोर बसून शिकायचं आहे. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागते. पाकीट आणि टाचण्यांची डबी घेऊन आठ दिवस तुझ्याकडे यावं असं मनात आहे. तुझ्या मुलाला कळवलं असतं तर तो ये म्हणाला असता, सुनेने तर गादीसुद्धा घातली असती. त्यांना अजून काही बोललेले नाही. आधी तुला विचारते.

येऊ का?

धाकटी